परतीच्या तारखेशेजारी

वाचून झालेलं पुस्तक ती दोन बोटांत धरून आणायची. अंगठा आणि पहिलं बोट, बाकीची तीन बोटं लांब ताठ. मेलेला उंदीर शेपटीला धरून उकिरड्यावर नेतात तसं. माझ्या टेबलावर सोडायची, पदराला हात पुसायची आणि म्हणायची, "घ्या बाई. घाण हाय."

आणि लगेच दुसरं मागायची.

चौसाळ्याकडून मांजरसुंब्याला जाताना एक फाटा लागतो, तिथून आत आमचं गाव. तिथल्या वाचनालयात मी सतरा वर्षं काम करते. पाटीवर ग्रंथपाल लिहिलेलं आहे, म्हणजे झाडणं, नोंदी करणं, कपाटांत झुरळांची पावडर टाकणं आणि तपासणीला आलेल्या साहेबाला चहा देणं. तेव्हा वाचनालय ग्रामपंचायतीच्या जुन्या कोंडवाड्यात होतं. सोडवायला कुणी न आलेली गुरं तिथे डांबून ठेवायचे. गुरं गेली तरी वास गेला नाही. भिंतींना ओल आली की पुस्तकांची पानं एकमेकांना चिकटायची आणि सगळ्या खोलीला म्हशीच्या मुताचा वास सुटायचा. नवीन सभासद दारातच थबकायचे. जुन्यांना सवय झाली होती.

ती समोरच्या सरकारी दवाखान्यात सफाईला होती. तीस वर्षं तिनं तिथे काय काय उपसलं ते मी सांगत बसत नाही, तुम्ही नुकतेच जेवून वाचायला बसला असाल. पण या कशालाही तिनं नाक मुरडलेलं मी पाहिलं नाही. एकदा एकजण दारू पिऊन दवाखान्याच्या ओट्यावर ओकला. आलेले पेशंट तोंडाला पदर लावून लांब सरकले. ही त्या ओकारीवर राख पसरत एका म्हातारीला समजावत होती, की तुरीच्या शेंगा अजून कोवळ्या आहेत, चार दिवस थांब. नाक मुरडायची ती फक्त पुस्तकांना.

शाळा चौथीपर्यंत. तीही अर्धी, कारण दिवाळीनंतर आईबाप ऊसतोडीला निघाले आणि हिला बरोबर नेलं. पुढे लग्न, पुढे दवाखान्याचं काम. वाचायची सवय लागली ती तिथे येणाऱ्या कापसाच्या गठ्ठ्याला गुंडाळलेल्या वर्तमानपत्रांमुळे. वाचनालयात ती पहिल्यांदा आली तीसुद्धा आमच्या मागचं गटार तुंबल्याची तक्रार घेऊन. तक्रार करून झाली तरी गेली नाही. कपाटांकडे बघत उभी राहिली.

"ही समदी वाचायला हायेत?"

"हो. सभासद व्हावं लागतं."

तिनं पाचही कपाटं वरून खाली बघितली. "एवढ्यात एखादं तरी बरं आसंल," म्हणाली आणि नाव नोंदवलं.

आमच्या प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या पानावर कागदाची एक पट्टी चिकटवलेली असते. तिच्यावर मी परतीच्या तारखेचा शिक्का मारते. तिनं नेलेलं तिसरं पुस्तक परत आलं तेव्हा शिक्क्याशेजारी पेन्सिलीनं लिहिलेलं होतं, 'चारशे पानात हिरो एकदाबी आंघोळ करीत न्हाई.'

मी चिडले. चिडायलाच पाहिजे होतं, ते माझं काम आहे.

"मावशी, वाचनालयाच्या पुस्तकात लिहायचं नसतं."

"म्या कुटं पुस्तकात लिवलं? पट्टीवर लिवलं."

"पट्टीवर फक्त तारीख असते."

"तारखंचा काय उपेग? पुस्तक कवा आणायचं ते कळतं. कसं हाय ते कुटं कळतं?"

माझ्यापुढे वर्षाच्या मोजणीचं रजिस्टर उघडं पडलं होतं. वाद घालायला वेळ नव्हता. मी सोडून दिलं, आणि सोडून दिलं म्हणून ते सुरू झालं.

तिची मतं मला अजून पाठ आहेत. एका ऐतिहासिक कादंबरीच्या पट्टीवर लिहिलं होतं, 'तलवारी लई. जखमा कोण धूत व्हतं त्याचा पत्त्या न्हाई.' स्वयंपाकाच्या पुस्तकावर, 'भांडी कोण घासणार?' शहरातल्या कुणीतरी खेड्यावर लिहिलेल्या पुस्तकावर, 'ह्याला शेणाचा वास गोड लागतो. ह्यानं शेण काढल्यालं न्हाई.' एका कवितासंग्रहावर लिहिलं, 'अर्धं पान कोरं. कागदाची नासाडी.' तो संग्रह मात्र तिनं पुढे तीन वेळा नेला आणि प्रत्येक वेळी पट्टीवर तेच वाक्य पुन्हा लिहिलं.

चांगलं असा शब्द तिनं कधी कुठल्या पुस्तकाला लावला नाही. अंथरुणाला खिळलेल्या बापाची शुश्रूषा करणाऱ्या एका माणसाचं पुस्तक आमच्याकडे आहे. कोणी ते नेत नसे. त्याच्यावर तिनं लिहिलं, 'वाचून किळस आली. समदं खरं हाय. न्या.' त्या महिन्यात मला त्याची दुसरी प्रत मागवावी लागली.

बुधवार आमचा बाजाराचा दिवस. बाजार उरकला की बाया पिशव्या घेऊन वाचनालयात टेकायच्या. सात-आठजणी असायच्या. मेथीच्या जुड्या सतरंजीवर, चपला दाराबाहेर. त्या सगळ्या पुस्तक उलटं उघडायला शिकल्या होत्या, आधी शेवटचं पान. मग एकमेकींना विचारायचं, सध्या काय वाचताय. ती दवाखान्यातलं दुपारचं काम संपवून आली की चर्चा संपायची आणि निकाल लागायचा. शिवणकाम करणारी रेखा यांच्यातली सगळ्यांत तोंडाळ. तिचं आणि सासूचं पटत नव्हतं हे गावाला माहीत होतं. एकदा तिनं एक जाड कादंबरी उचलली तर मावशी म्हणाली, "ती नेऊ नको. शेवटाला सासू मरती. तुला उगं आशा लागंल."

रेखासकट सगळ्या हसल्या. आणि रेखानं ती नेलीच.

आमच्या शाळेच्या गुरुजींनाही सुटका नव्हती. ते त्या दिवसांत यशस्वी कसं व्हावं छापाचं काहीतरी वाचत होते आणि सगळ्यांना सांगत फिरत होते. मावशीनं विचारलं, "गुरुजी, पहाटं उठा म्हणतोय त्यो. उठून काय करायचं ते पुढं सांगितलंय, का नुसतं उठायचं?"

गुरुजींनी पुस्तक मुदतीच्या आधी परत केलं.

इथपर्यंत सांगायला बरं वाटतं. पुढचं सांगायचं म्हणजे माझ्या तोंडाची चव जाते, पण ते सोडलं तर हे लिहिण्यात अर्थ नाही.

आमच्या वाचनालयाचे अध्यक्ष तालुक्यातलं मोठं प्रस्थ. त्यांनी आपल्या आईवर पुस्तक लिहिलं. लिहिलं म्हणजे कोणाकडून तरी लिहून घेतलं हे सगळ्यांना माहीत होतं, पण नाव त्यांचं आणि फोटोही त्यांचेच. आई फक्त मुखपृष्ठावर. आत पानोपानी हे: हार घातलेले, फीत कापताना, विहिरीत डोकावताना. बीडला प्रकाशन झालं. शाली झाल्या, नारळ झाले, व्यासपीठावर माणसं मावेनात. दुसऱ्या दिवशी पन्नास प्रती खोक्यांतून माझ्याकडे आल्या.

त्यांच्यामागून अध्यक्षही आले. नाकाला रुमाल लावून दारातच उभे राहिले.

"बाई, ह्या वासात तुम्ही बसता तरी कशा? पंचायतीच्या नवीन इमारतीत वरची खोली रिकामी आहे. फरशी, पंखे, सगळं. म्हटलं वाचनालयालाच द्यावी."

सतरा वर्षांत मी बऱ्या जागेसाठी किती अर्ज केले ते माझं मला माहीत. शिवाय तपासणी तोंडावर आली होती. जागा चांगली असेल तर आमचा ड वर्गाचा क वर्ग होणार होता, म्हणजे अनुदान वाढणार होतं. नाहीतर ओलीनं सडलेली पुस्तकं दरवर्षी पोत्यात भरून रद्दीत काढणं चालूच राहिलं असतं.

"फक्त एक करा," ते म्हणाले. "ती दवाखान्यातली मागच्या पानावर लिहिते ना? तिचं एक वाक्य पाहिजे. मोठ्या लोकांची वाक्यं झाली. गरिबाचं एक असावं."

मी पुस्तक तिला दिलं. कशासाठी ते सांगितलं. खोलीचंही सांगितलं.

एरवी तिला एका पुस्तकाला तीन दिवस लागायचे. हे तिनं आठ दिवस ठेवलं. परत आणलं तेव्हा दोन बोटांत धरलेलं नव्हतं. दोन्ही हातांत होतं. टेबलावर अलगद ठेवलं. मी पट्टी बघितली. कोरी.

"काही लिहिलं नाही, मावशी?"

"न्हाई."

"का?"

"म्हातारी हाय त्यात."

मग तिनं सांगितलं. अध्यक्षांची आई शेवटी आमच्याच दवाखान्यात होती. शहरात जायची तिची स्वतःचीच तयारी नव्हती.

"अकरा दिस व्हती. हागणं-मुतणं समदं जाग्यावर. म्या धुतली तिला, माह्या हातावर गेली ती. ह्यो दोनदा आला. असाच, दारात, रुमाल लावून. आन् पुस्तकात बगा काय लिवलंय. अकरा रात्री मी आईपाशी जागलो, तिची चादर मी धुतली, म्हयनाभर माझ्या हाताचा वास गेला न्हाई." आपले तळवे तिनं माझ्यापुढे धरले. "बाई, त्यो वास माह्या हाताचा हाय. म्याच सांगितलं व्हतं त्येला, तेराव्याला. त्येनं लिवून घेतलं."

पण मी व्यवहारी बाई आहे. माझ्या डोळ्यांपुढे खोली होती.

"दोन बरे शब्द लिहून टाका ना. मिटेल."

"वाईट लिवलं तर म्हातारी उघडी पडती. तिची चादर गावानं कशापायी बगावी? चांगलं लिवलं तर म्या लबाड." तिनं पट्टीवर बोट ठेवलं. "हे कोरं ऱ्हाऊ द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी अध्यक्षांचा फोन आला. वाक्य आलं का? खोलीची किल्ली ग्रामसेवकाकडे दिली आहे, म्हणाले.

मी आलं म्हणून सांगितलं. फोन ठेवला, पेन्सिल घेतली आणि पट्टीवर शिक्क्याशेजारी लिहिलं, 'चांगलं पुस्तक. सगळ्यांनी वाचावं.' तिचं अक्षर काढणं अवघड नव्हतं. मोठी, सुटी सुटी अक्षरं, चौथीच्या मुलीची. तिची शंभर मतं मी रोज बघत होते. एक मिनिटही लागलं नाही. हात थरथरला वगैरे काही नाही. तसं मी लिहू शकते, पण ते खोटं होईल आणि खोटं लिहून माझं झालेलं आहे.

अध्यक्षांनी येऊन मोबाइलवर त्या पट्टीचा फोटो काढला. मला वाटलं, संपलं.

चार दिवसांनी फाट्यावर फ्लेक्स लागला. एसटी जिथे थांबते तिथेच, पंधरा फूट उंच. एका बाजूला अध्यक्ष हात जोडून, मधे त्यांच्या आईचा फोटो हारासकट आणि दुसऱ्या बाजूला ती. दवाखान्यात कधीतरी तिचा सत्कार झाला होता तेव्हाचा फोटो, उन्हानं डोळे बारीक झालेले. खाली तिच्या अक्षरातली, म्हणजे माझ्या अक्षरातली, ती ओळ ताटाएवढ्या अक्षरांत. आणि खाली 'एक सफाई कामगार वाचक'. नावही घातलं नव्हतं.

त्या बुधवारी काय झालं असेल ते तुम्ही ओळखलं असेल. मी ओळखलं नव्हतं. मावशीनं आयुष्यात पहिल्यांदा एका पुस्तकाला चांगलं म्हटलं होतं. दुपारपर्यंत पन्नासच्या पन्नास प्रती गेल्या. भाजीवाल्या घेऊन गेल्या, दवाखान्यातल्या नर्स घेऊन गेल्या, गुरुजींनी शाळेसाठी दोन नेल्या. वाचनालयाच्या इतिहासात एका दिवसात इतकी देवघेव झाली नव्हती. आणि मी, मला सांगायलाही शिसारी येते, तपासणीच्या रजिस्टरात तो आकडा बघून खूश झाले.

पुढच्या बुधवारी प्रती परत यायला लागल्या. पुस्तक टेबलावर ठेवत नव्हत्या, टाकत होत्या.

"ह्यात काय चांगलं हाय ओ बाई?" रेखा म्हणाली. "निस्ता माणूस आरशात बगतोय पान न् पान. दोन दिस शिलाई बुडवली म्या ह्याच्यापायी."

"मावशीला साडी भेटली म्हणं," एक म्हणाली.

"साडी कशाची? पोराला कारखान्यावर चिकटिवलंय."

तिला मुलगाच नव्हता. एक मुलगी, तीही सिरसाळ्याला दिलेली. पण बोलणाऱ्यांनी तिला मुलगाही दिला आणि त्याला नोकरीही.

हे चालू असताना ती दारात आली. तिनं चपला काढल्या, आत आली, नेहमीच्या जागी भिंतीला टेकून बसली. शेजारच्या बाईनं आपली पिशवी उगाच जवळ ओढून घेतली.

रेखाला गप्प बसणं माहीत नाही. "या मावशी. सध्या काय वाचताय? सांगा, म्हंजे आमी आत्ताच बोर्ड छापाया टाकतो."

दोघी-तिघी हसल्या. पूर्वीच्यासारखं नाही.

तिनं रेखाकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं. तिला सगळं कळलेलं होतं. ती फक्त वाट बघत होती. माझ्या तोंडून एक वाक्य यायला हवं होतं, मी लिहिलं, तिनं नाही. सात बायका समोर होत्या, वेळ तीच होती.

मी शिक्के मारत राहिले. परत आलेल्या प्रती एकेक उघडायची, पट्टीवर शिक्का, खोक्यात. आधीच मारलेल्या एका प्रतीवर मी पुन्हा शिक्का मारला, तेही मला नंतर दिसलं.

बाया गेल्यावर ती उठून टेबलापाशी आली. इतकी वर्षं मला बाई आणि तुमी म्हणत आली होती.

"तू लिवलंस."

"मावशी, खोली मिळतेय. किल्ली आली. इथे पुस्तकं सडतात, तुम्ही बघता ना?"

"म्या म्हनलं व्हतं कोरं ऱ्हाऊ दे."

"हो."

"म्हातारीच्या बाजूला उभं केलंस मला. लबाड करून." आवाज चढलेला नव्हता. दवाखान्यात जमादारणीला फडकी किती राहिलीत ते सांगावं तसं बोलत होती. "माह्याकडं दुसरं काय हाय गं? म्या म्हनलं की बाया पुस्तक नेत्यात, एवढंच हाय. आता त्यास्नी सांग."

"तपासणी होऊ द्या. मग सांगते. आत्ता सांगितलं तर अध्यक्ष खोली काढून घेतील."

"कवा हाय तपासणी?"

"पुढच्या महिन्यात."

"म्हंजे तवर म्या लबाड," ती म्हणाली. पिशवीतून सभासदाचं कार्ड काढलं, टेबलावर ठेवलं आणि गेली.

तपासणी झाली. आम्हाला क वर्ग मिळाला. वरच्या खोलीत फरशी आहे, पंखे आहेत, दोन मोठ्या खिडक्या आहेत. पुस्तकं हलवली, उन्हात वाळवली, वास बराच गेला. मग अध्यक्षांच्या हस्ते उद्घाटन व्हायचं होतं म्हणून मी थांबले. मग उद्घाटनाची तारीख पुढे गेली म्हणून थांबले. थांबायला कारण लागतं, ते मिळत जातं. मधे फाट्यावरच्या फ्लेक्सवर कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स ठोकला गेला आणि मला वाटलं, चला, लोक विसरले.

तिची दवाखान्यातली मुदत संपली तेही मला नर्सकडून कळलं. नारळ घेतला आणि त्याच दिवशी मुलीकडे, सिरसाळ्याला गेली. घराला कुलूप.

त्यानंतरच्या बुधवारी मी नव्या खोलीत, नव्या सतरंजीवर बायांसमोर उभी राहिले आणि सगळं सांगितलं. माझ्या मनात होतं की त्या चिडतील, मला बोलतील, आणि मावशीचं नाव धुऊन निघेल. बोलणी खायची माझी तयारी होती.

कोणी चिडलं नाही. रेखानं हातातल्या पुस्तकाचं शेवटचं पान उघडलं, शिक्क्याशेजारची ओळ वाचली आणि विचारलं, "मग हे तरी तिचं हाय का?"

"ते तिचंच आहे. मी एकच लिहिलं."

"अक्षर तर सारखंच दिसतंय की."

"रेखा, मी सांगतेय ना."

"तुमी तवाबी कुठं सांगितलं?" तिनं पुस्तक मिटलं. "म्हंजे आमी इतकी वर्सं कुणाचं वाचत व्हतो, काय म्हाईत."

दुसरीनं दुसऱ्या पुस्तकाची पट्टी बघितली, तिसरीनं तिसऱ्या. आंघोळ न करणारा हिरो, तलवारी, भांडी, सगळं आता कदाचित माझं होतं. एका ओळीनं मी तिच्या सगळ्या ओळी खाल्ल्या होत्या.

मी सिरसाळ्याला गेले. बीडला गाडी बदलावी लागते. तिचं घर बाजाराच्या मागच्या गल्लीत सापडलं. अंगणात सुपात हरभरा निवडत बसली होती. मला बघून उठली नाही, पण लेकीला चहा टाकायला सांगितलं.

"खोलीला ओल न्हाई ना?" पहिलं हे विचारलं.

"नाही."

"बरं झालं."

मी तिला सगळं सांगितलं, बाया काय म्हणाल्या तेही. मग म्हटलं, "एक दिवस चला माझ्याबरोबर. तुमच्या तोंडून ऐकलं की त्यांना पटेल."

"तू सांगितलंस तर पटलं न्हाई. म्या सांगितलं तर म्हणतील हिला आता बाईनं साडी दिली."

चहा आला, मी प्याले. ती खडे काढून एका बाजूला टाकत होती. मग हात न थांबवता म्हणाली, "एक सांग. त्येचं पुस्तक तुला कसं वाटलं?"

"कोणाचं?"

"ज्येला चांगलं म्हनलीस त्येचं."

"मी वाचलं नाही, मावशी."

तिचा हात थांबला.

"आदी न्हाई. नंतर?"

"नंतरही नाही."

"न वाचताच लिवलंस?"

मी मान हलवली. नाव चोरलं तेव्हा तिच्या तोंडावर जे आलं नव्हतं ते आता आलं. तिची पुस्तकांवरची सगळी तोंडं मी ओळखत होते, मळमळ, उबग, ओकारी. हे त्यातलं नव्हतं. तिनं सूप खाली ठेवलं. उठून मोरीत गेली, तांब्यात पाणी घेतलं आणि दोन्ही हात कोपरापर्यंत घासून धुतले, दवाखान्यात मोठं काम झाल्यावर धुवायची तसे. पदराला पुसत आत गेली. मी बराच वेळ बसले. बाहेर आली ती तिची मुलगी, रिकामा कप न्यायला.

घरी आले आणि ते पुस्तक वाचायला घेतलं. सतरा वर्षांत पहिल्यांदा मी वाचनालयातलं पुस्तक माझ्या नावावर नोंदवलं. मला सहा दिवस लागले. अध्यक्ष विहिरीत डोकावतात तिथे कंटाळा आला, हार घालून घेतात तिथे वैताग. अकरा रात्रींच्या प्रकरणाला आले तेव्हा ती चादर, तो वास, ते कढत पाणी, सगळं इतकं बारकाईनं होतं की माझे डोळे भरून यायला लागले आणि ते कोणाचं आहे हे आठवून मी पुस्तक मिटलं. बाहेर जाऊन गुळणी केली. मग राहिलेलं संपवलं.

मी नेलेली प्रत ती खोटी ओळ असलेलीच होती; तिच्या पट्टीवर परतीचा शिक्का मारला. शेजारी पेननं लिहिलं, 'वरचं वाक्य तिचं नाही, माझं आहे, न वाचता लिहिलेलं. आता वाचलं. यातले अकरा दिवस खरे आहेत, पण ज्याच्या नावावर आहेत त्याचे नाहीत. बाकी ओकारी.' खाली माझं पूर्ण नाव, सही.

प्रत पुढच्या कपाटात, हाताशी येईल अशी ठेवली आहे. अध्यक्ष येतात, फरशी बघतात, पंखा लावून बसतात, पुस्तकांना हात लावत नाहीत. बुधवारी बाया येतात. नवीन पुस्तकं चाळतात, पहिलं पान, मधलं पान, चित्रं असली तर चित्रं. आणि मग जिला ज्याचा रंग आवडेल ती ते घेऊन जाते. शेवटचं पान कोणी उघडत नाही.